तौफुआचा खांब

सालेपुआ, १२ जानेवारी १९८१

पेसामिनो,

आशीर्वाद आहेतच. ते तू मागितले नाहीस तरी देते, मोठ्या बहिणीला त्यात निवड नसते.

तू माझी पत्रं उघडतोस की नाही कोण जाणे. एकही परत आलेलं नाही, म्हणजे समुद्रापलीकडे तुझ्या ओतारातल्या घरात ती कुठेतरी पडलेली असणार. पडू देत. बाबांचा हट्ट तुझ्याकडे गेला असं सगळे म्हणतात, पण त्यातला मोठा वाटा माझ्याकडे आला हे तू विसरलास. मी लिहायची थांबणार नाही.

लाउवाओ काकांना तू लिहिलंस ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. भर बैठकीत, उभं राहून, काठीवर एक हात आणि दुसऱ्या हातात माश्या वारायची चवरी. घराण्याचे वक्ते पडले ना, किराणा आणायला सांगायचं असलं तरी ते असंच सांगतात. तर तुला बाबांची तौफुआ ही घराणेप्रमुखाची पदवी हवी आहे. विमानाने येशील, समारंभ करून घेशील आणि कारखान्याची रजा संपली की परत जाशील. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. आपली मातालेना माझ्या कानाशी लागली, "ताई, शेवटी 'घरातल्या सर्वांना नमस्कार' आहे की. सर्वांत तू येतेस!" चुलतबहीण असली तरी त्या क्षणी तिला चिमटा काढावासा वाटला आणि मी काढलाही.

बाबा जाऊन पाच महिने होत आले. बैठकीला सगळे आपापल्या खांबाला टेकून बसतात आणि बाबांच्या खांबाजवळ नुसती चटई पसरलेली असते. पुढे काय करायचं ते तुलाही ठाऊक आहे. घराण्याच्या शाखा बेटभर आहेत, आणि प्रत्येक शाखेने एकाच नावाला हो म्हणायला हवं. एक जरी नाही म्हणाली तरी प्रकरण राजधानीत, आपियाच्या कोर्टात जातं, आणि कोर्टात गेलेलं घराणं पुन्हा एका चटईवर बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणून आता रीतीची फेरी काढायची ठरलीय. काका बोलायला, मातालेना सामान धरायला आणि मी, कारण मेलेल्या तौफुआची थोरली मुलगी सोबत नसेल तर शाखा दार उघडतील पण मन उघडणार नाहीत.

मी तुझंच नाव घेऊन निघालेय. नीट वाच, तुझंच. तू त्यांचा एकुलता मुलगा आहेस. तू माझ्यावर का रागावलास तेही मला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबा तुला सगळ्या गावासमोर आळशी म्हणाले आणि मी गप्प बसले. तू दुसऱ्याच दिवशी बोट धरलीस. बाबा चुकले, आणि ती चूक त्यांनी मरेपर्यंत गिळली. पण गावाच्या बैठकीत बापाचं बोलणं मुलीने मध्येच तोडायचं नसतं. आज पुन्हा तसं झालं तरी मी गप्पच बसेन. यावर मी माफी मागावी अशी वाट पाहत असशील तर आरामखुर्ची घेऊन बस.

एक गंमत सांगते. पन्नाशी आली माझी. बोटीने आपियाला कितीदा जाऊन आले, पण सालेलोलोगाच्या बाजारापलीकडे आपलं स्वतःचं बेट मी पाहिलेलंच नाही. कामाशिवाय कोणी कुणाकडे जात नाही आणि आपली सगळी कामं पूर्वेलाच. आता म्हातारपणी फेरी घडतेय. नवी लुंगी शिवून घेतली आहे, जांभळी.

तुझी ताई,
फुआतिनो


लोतोवाई, १७ जानेवारी

पेसामिनो,

जांभळ्या लुंगीचा रंग गेला. माझ्या पायांवर आला आहे.

दक्षिणेकडचा पाऊस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथे तो राहायला आहे. कपडे वाळत नाहीत, फक्त कमी ओले होतात. घरांचे दगडी चौथरे माझ्या छातीएवढे उंच आहेत, पायऱ्या चढून वर जावं लागतं, आणि खांबांच्या मधले झावळ्यांचे पडदे दिवसाढवळ्या खाली सोडलेले, म्हणून आत कायम संध्याकाळ. मी यजमानीणबाईंना म्हटलं, "केवढा हो पाऊस!" त्यांनी पडदा उचलून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठे?"

पण हिरवं म्हणजे काय ते इथे कळतं. अळूची पानं एवढी मोठी की मातालेनाने एक डोक्यावर धरलं आणि खाली आम्ही दोघी मावलो. डोंगरावरून जिथे बघावं तिथे पाणी खाली येतंय, आणि त्याला इथे कोणी धबधबा म्हणत नाही, 'तो नळ' म्हणतात. समुद्राच्या कडेला काळ्या खडकाला भोकं आहेत. लाट आली की त्यांतून पाणी नारळाच्या झाडाच्या वर उडतं. काकांनी तिथे उभं राहून चवरी फिरवली आणि समुद्राला म्हणाले, "बस बस, कळलं!" मी इतकी हसले की पोटात दुखलं. पन्नास वर्षं हे सगळं माझ्या पाठीमागे होतं, आणि मला वाटायचं बेट म्हणजे आपलं गाव, आपलं चर्च आणि बोटीचा धक्का.

बसची कथा वेगळीच. माझ्या मांडीवर एक अनोळखी बाई, तिच्या मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडी. त्या कोंबडीने सबंध रस्ताभर माझ्याकडे असं पाहिलं जणू जागा मी तिची घेतलीय. नदीपाशी बस थांबली. पूर आलेला. ड्रायव्हर म्हणाला, "आता मी झोपतो," आणि खरंच झोपला. पलीकडच्या काठावर लोतोवाईचे लोक आमच्या स्वागताला भिजत उभे. त्यांच्या वक्त्याने तिथूनच भाषण सुरू केलं. मग आपले काका कसले राहतात! लुंगी कमरेला खोचली, काठी वर धरली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून उत्तराचं भाषण केलं. नदीला ऐकू गेलं असेल, माणसांना नाही. दोघेही वक्ते अगदी खूश होते. मग लोतोवाईच्या पोरांनी दोर धरून आम्हाला पलीकडे नेलं.

इथल्या शाखेने आमचं चांगलं केलं. डुक्कर कापलं, अळूची पानं नारळाच्या घट्ट दुधात शिजवून वाढली. तुझं नाव काकांनी मांडलं. ते ऐकून घेतात, माना हलवतात, उत्तर निघताना देऊ म्हणतात.

बैठकीत आवाच्या मुळ्यांचं पाणी पिण्याच्या वेळी एक बारीकशी गोष्ट झाली. लिहिण्यासारखी नाही.

फुआतिनो


लोतोवाई, १९ जानेवारी

पेसामिनो,

परवा जे लिहिण्यासारखं नाही म्हटलं ते लिहावं लागतंय. पुढची नदीही उतरत नाही म्हणून आम्ही अजून इथेच आहोत, पण ती गोष्ट नदी ओलांडून पुढे गेली. ती तुला ओतारातल्या चर्चच्या पायऱ्यांवर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

आम्हा बायकांच्या बाजूला छप्पर गळत होतं. माझ्या मानेवर एक थेंब, मग दुसरा, मग धार. दिवसभराच्या प्रवासाने कंबर मोडलेली. समोर एक कोरडी चटई दिसली, मागे खांब. मी जाऊन टेकले. डोळे मिटले. ती चटई कोरडी का होती याचा विचारच मनात आला नाही. तिथे कोणी बसत नव्हतं म्हणून ती कोरडी होती, पेसामिनो. तो पाहुण्या तौफुआचा खांब. बाबा इथे यायचे तेव्हा तिथे बसायचे.

इथला पेले वाटणारा म्हातारा पार पिकलेला आहे. कुणाचा पेला कुठल्या नावाने पुकारायचा हे त्याला बेटभराचं पाठ आहे आणि त्याच्या ओठांवर ते आपोआप येतं. त्याने पुकारलं, "तौफुआचा पेला!" काका लगेच म्हणणार होते की तो पेला सध्या विसावला आहे. तोंड उघडलंही होतं. पण पेला नेणारा तरुण वळला, खांबाकडे पाहिलं, खांबाला माणूस टेकलेलं दिसलं आणि तो सरळ माझ्यासमोर येऊन वाकला. हातात करवंटीचा पेला, काठोकाठ.

आता तूच सांग. समोर आलेला पेला परत पाठवायचा म्हणजे यजमानांच्या तोंडावर ओतल्यासारखं. मी उठून पळाले असते तर काकांनी उरलेल्या फेरीभर माझ्याशी बोलणं सोडलं असतं. मी पेला घेतला. देवासाठी चार थेंब चटईवर सांडले, "मानुईआ", सर्वांचं भलं होवो, म्हटलं आणि एका दमात प्यायले. चिखलासारखा लागतो, जीभ बधिर होते. बाबांना तो इतका का आवडायचा कोण जाणे.

मग यजमान तोलोआ, साठीचा, अंगाने रुंद माणूस, हळूच म्हणाला, "म्हणजे खांब रिकामा नव्हता तर! बरं झालं. पाच महिने आम्ही वाऱ्यालाच नमस्कार करत होतो."

बाहेर आल्यावर काका तापले. चवरी खांद्यावर आपटत म्हणाले, "फुआतिनो, तुला काही अक्कल? मी तुझ्या भावाचं नाव घेऊन फिरतोय आणि तू त्याचा पेला पितेस!"

"मग काय करायला हवं होतं? ओतून टाकायचा?"

"बसायलाच नको होतं तिथे!"

"वरून गळत होतं, काका."

"गळू द्यायचं! तुझा बाप पुरात उभा राहिलाय, तुला एक थेंब सोसवेना?"

मातालेना मध्येच म्हणाली, "काका, हिचे बाबा पुरात उभे राहिले तेव्हा त्यांना कोणी पेला दिला नव्हता. हिला दिला." त्यावर काका तिच्यावर घसरले आणि मी सुटले.

तर असं झालं. तुझं काही काढून घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण मला लाजही वाटत नाहीय, तेही लिहून टाकते.

तुझी ताई


फुसिवाई, २५ जानेवारी

पेसामिनो,

पाऊस बसपेक्षा हळू येतो आणि गोष्ट बसपेक्षा पुढे जाते. फुसिवाईच्या वेशीवर एक बाई केळीचं पान डोक्यावर घेऊन आमचीच वाट पाहत होती. तिने हाक मारली, "या, तौफुआ!" मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे फक्त मातालेना होती.

इथल्या आपल्या शाखेत दोन घरं आहेत, मध्ये एक नारळाचा बांध. दोन्ही घरं चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, कारण एकाची डुकरं दुसऱ्याची अळूची रोपं खातात. जेवण झालं, काकांनी तुझं नाव मांडलं, सगळ्यांनी मान हलवली. आणि मग इओसेफो नावाचा म्हातारा, तो एका घरातला, काकांना टाळून थेट मला म्हणाला, "ते नावाचं बघू पुढे. आधी ह्या डुकरांचं सांग."

मी म्हटलं, "दादा, हे माझं काम नाही. माझा भाऊ आला की सांगेल."

"कधी येणार तो?"

"समारंभाला."

"आणि त्यानंतर?"

मी लुंगीचा काठ पिळत राहिले. इओसेफो म्हणाला, "पोरी, मला एकच विचारायचं. तुझा भाऊ आमच्या पावसात भिजणार आहे का? नसेल भिजणार तर त्याचं नाव छान आहे, चर्चच्या भिंतीवर लिहा."

मला फार राग आला. त्याचा नाही, तुझा. त्या म्हाताऱ्याला देण्यासारखं उत्तर तू माझ्याजवळ ठेवलेलं नाहीस. मग मी काय केलं असेल? पावसातच बाहेर गेले. जांभळी लुंगी आधीच गेलेली, आता काय जायचं राहिलं होतं! दोन्ही घरच्या बायकांना बोलावलं आणि बांधावर उभं केलं. म्हटलं, पुरुषांचं चार वर्षं ऐकलं, आता डुकरांना रोज खायला घालतं कोण ते बोलू दे. अर्ध्या तासात कळलं की डुकरं तिसऱ्याच घरची होती! त्यांच्याच चुलतभावाची, नदीपलीकडच्या. तो चार वर्षं दोघांच्याही घरी जेवून जायचा आणि हसायचा. मी त्याला बोलावून घेतलं आणि जे बोलले ते पत्रात लिहीत नाही, हे पत्र पाद्र्यांच्या घरात बसून लिहितेय. त्याने आपलं सगळ्यांत मोठं डुक्कर दोन्ही घरांसाठी भट्टीत घातलं. आज त्या दोन घरांतली मुलं एकाच चटईवर जेवली.

सगळे जेवत असताना इओसेफोने हात वर केला आणि म्हणाला, "आमच्या शाखेचं हो आहे." काकांनी विचारलं, "पेसामिनोला ना?" तो म्हणाला, "मला दोनदा बोलायला लावू नका. माझे दात कमी आहेत."

पेसामिनो, मी प्रत्येक घरात तुझं नाव घेते. घसा बसेपर्यंत घेते. ते ऐकतात आणि मला विचारतात, "तुम्ही पुन्हा कधी येणार?"

तुझी ताई


फालेसिसिफो, ३१ जानेवारी

पेसामिनो,

बेटाच्या पश्चिम टोकाला पोचलो आणि पाऊस थांबला. कसा थांबला म्हणशील तर एका वळणावर बसच्या पुढच्या काचेवर होता आणि मागच्या काचेवर नव्हता. इथले लोक पाण्यासाठी छपराखाली पिंपं लावतात आणि आभाळाकडे डोळे लावून बसतात. दक्षिणेला ज्याला नळ म्हणतात त्याची यांना स्वप्नं पडतात. एकाच बेटावर इतका अन्याय असेल असं मला वाटलं नव्हतं. मातालेनाने पहिल्यांदा कपडे वाळत घातले आणि ते खरोखर वाळले, तेव्हा तिने माझ्या गालाचा मुका घेतला.

इथे वाइओला आत्या आहेत. बाबांच्या मोठ्या बहीण. अंथरुणाला खिळल्या आहेत, पण आवाज अजून चर्चच्या घंटेवर मात करतो. त्यांचं हो नसेल तर बाकी सगळ्यांचं हो मातीमोल. बापाच्या बहिणीचा शब्द कोणी डावलत नाही, त्यांच्या शापाला बाबासुद्धा घाबरायचे.

काकांनी भाषण सुरू केलं. आत्यांनी हात दाखवला. "लाउवाओ, बस. तू लहान होतास तेव्हा मी तुझं नाक पुसलंय. माझ्यासमोर भाषण करायचं नाही." काका बसले. मग मला जवळ बोलावलं आणि हाताने माझं तोंड चाचपलं, कारण दिसत नाही.

"तू पेला प्यायलीस म्हणे."

"गळत होतं, आत्या."

"गळणारच. घराचा मालक नसला की घर गळतंच." मग म्हणाल्या, "कुणाचं नाव घेऊन फिरतेस?"

"पेसामिनोचं."

"आणि लोक कुणाला हो म्हणतायत?"

मला खोटं बोलता येत नाही, निदान त्यांच्यासमोर नाही. म्हटलं, "मला म्हणतायत, आत्या. लोतोवाई, फुसिवाई, मधली सगळी. मी भावाचं नाव मांडते आणि ते माझ्याकडे बघून हो म्हणतात."

"तुला हवीय का?"

पेसामिनो, हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता. मीही नाही. मी म्हटलं, "हो." एवढंच. म्हणता म्हणता रडू आलं, आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं, कारण मला वाईट वाटत नव्हतं. मला ते डुकरांचं काम आवडलं होतं. कमरेएवढ्या पाण्यातून एखाद्या घरी जायचं आणि त्यांनी म्हणायचं आलात, बरं झालं, मला ते आवडलं होतं. बाबांसारखा बैठकीत बोलायचा हक्क मला असता तर तू सोडून गेला नसतास हेही मला तेव्हा वाटलं. मला ती पदवी हवी आहे. तुझ्यापासून लपवत नाही.

आत्या म्हणाल्या, "मग माझं हो तुला. पण एक अट. तुझ्या भावाने ते तोंडाने सांगायला हवं. पत्र नको, तार नको. कागदावरचं हो मला ऐकू येत नाही. तो म्हणाला की मला येऊन सांग, तो कसा म्हणाला, कुठल्या आवाजात. तो नाही म्हणाला तर तू उठायचंस त्या खांबावरून. भावाच्या छातीवर बहिणीने बसायचं नाही."

मी शब्द दिला.

तुझी ताई


सालेपुआ, ६ फेब्रुवारी

पेसामिनो,

घरी आले. उत्तरेच्या बाजूने आलो, जिथे आजोबांच्या काळी डोंगर फुटला आणि सगळं काळं होऊन गेलं. मैलोगणती वितळून थिजलेला दगड, पाऊस त्यात पडतो आणि नाहीसा होतो. मधूनच त्या दगडात चर्चच्या भिंती उभ्या, आत दगड शिरलेला. मला वाटलं होतं तिथे उदास वाटेल. पण फटींतून नेचे उगवलेत आणि पोरं त्यावर क्रिकेट खेळतात! काकांनी एक चेंडू टोलवला आणि तो ज्वालामुखीत गेला असं ते सगळ्यांना सांगतायत.

घरात पाऊल टाकलं तर काकांच्या नावाने तार. "पदवी माझी. तिला थांबवा. पेसामिनो." काकांनी मला न देता चवरीखाली लपवली. मातालेनाने ती काढून मला दिली.

हे तुझ्या अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य, जे माझ्याबद्दल आहे. 'तिला' म्हणजे मी. वाचून पहिल्यांदा राग आला, मग वाटलं, चला, निदान आठवण तरी आहे.

आता माझं ऐक. काका, मातालेना आणि मी काल बैठकीत बसलो. सगळ्या शाखांचं मिळालं आहे आणि ते माझ्या नावाला मिळालं आहे. बैठकीतला एक तरुण म्हणाला, "मग उरलं काय? तारेने 'नाही' आलंय, तर कोर्टात जाऊ. आपण जिंकू." जिंकूही, कारण शाखा आपल्या बाजूने आहेत. पण मी त्याला म्हटलं, कोर्टाचं नाव पुन्हा काढलंस तर तुला तीन रविवार भट्टीजवळ बसवीन, नुसतं धुरात. तो हसला नाही, म्हणजे त्याने ते खरं धरलं. मला बरं वाटलं.

फेरी अजून पुरी झालेली नाही असं मी बैठकीला सांगितलं. घराण्याच्या सगळ्या घरी आम्ही गेलो, एका घरी गेलो नाही. ते घर बेटावर नाही एवढंच. काका ऐकून इतके ताठ झाले की मला वाटलं खांबासारखे उभेच राहतील. "विमानात भाषण करता येतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला कोण अडवणार आहे?"

तुझ्या देशात यायच्या परवान्यासाठी उद्या आपियाला जातेय. चर्चच्या बायकांनी चटया विणून विकल्या आणि तिकिटं आणून हातात ठेवली. मी नाही म्हटलं तर म्हणाल्या, "तौफुआ आमच्या पावसातून फिरून आल्या, आता आमची पाळी."

फुआतिनो


आपिया, २४ फेब्रुवारी

पेसामिनो,

हे पत्र तुझ्याकडे पोचेपर्यंत आम्ही बहुतेक पोचलेलो असू. तरी टाकतेय, कारण फेरीआधी निरोप धाडायचा असतो आणि मी रीत मोडणार नाही.

आपियाच्या धक्क्यावर बसून लिहितेय. पाऊस आहेच. आम्ही दोघंच येतोय, काका आणि मी. मातालेनाला परवाना मिळाला नाही. तिने साहेबाला विचारलं, "तुमच्या देशात माझं काय वाईट होणार आहे?" त्याने शिक्का मारायचा सोडून पेन खाली ठेवलं. सोबत एक बारीक विणीची चटई आहे, आईची, तुझ्यासाठी. काकांची काठी विमानात घेऊ देत नाहीत म्हणाले, तेव्हा काकांनी त्या माणसापुढे भाषण सुरू केलं. आता घेऊ देतायत.

आम्ही ओतारात तुझ्या दारापुढे येऊन बसू. तुला आमची रीत शिकवायला नको. दारी आलेल्यांना आधी खायला घालायचं, मग काम विचारायचं. तुझ्याकडे दगडाची भट्टी नसेल तर नसू दे, दुकानातले मासे चालतील. खाऊन झालं की काका तुला सगळं सांगतील, सविस्तर, तू बसून घे. मग मी विचारेन.

तू नाही म्हणालास तर मी परत येऊन बाबांच्या खांबाजवळून उठेन. आत्यांना दिलेला शब्द आहे आणि मी त्यावर उलटणार नाही, कोर्टात जाणार नाही, मनातही ठेवणार नाही. पण मला वाटत नाही तू नाही म्हणशील. तू रागाने गेलास, लोभाने नाही. बाबांच्या जागी एकदा तरी बसायचं म्हणून तू हे मागतोयस, असं मला वाटतं. त्यांनी तुला आळशी म्हटलं तिथेच तू बसणार होतास आणि सगळ्यांनी ते बघायचं होतं. त्यात चूक काही नाही. पण त्या खांबाला पाच महिने वारा टेकून होता, आणि वर्षाला पंधरा दिवस येणारा माणूसही त्याला तसाच वाटेल.

काकांना वाटतं आपण तुझं हो आणायला चाललोय. वाटू दे. मला पदवी हवी आहे, ते मी तुला लिहिलं आणि तोंडावरही सांगेन. पण ते हो मिळालं नाही तरी मी रिकाम्या हाताने परत येणार नाही. अकरा वर्षांत तुझा आवाज मी ऐकलेला नाही. बदललाय का, जाड झालाय का, बाबांसारखा झालाय का, मला काही ठाऊक नाही. हो म्हण, नाही म्हण, शिव्या घाल. मी सगळं ऐकून घेईन.

दार वाजलं की बायकोला किंवा मुलांना उघडायला पाठवू नकोस. तू ये.

तुझी ताई